खुकरीची १९४ नावं: सड्यावरच्या स्मारकाच्या कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

ठरलं एकदाचं. नौदलाच्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेबरोबर गेलेल्या सगळ्यांची नावं दगडात कोरून आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर लावायची. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारला, काही मिनिटांत जहाज खाली गेलं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. खालच्या डेकवर होते त्यातल्या बहुतेकांना वर यायला वेळच मिळाला नाही.

दीवला स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाचं मॉडेल ठेवलंय, मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाला हे कशाला पाहिजे असं पहिल्याच मीटिंगला विचारलं गेलं आणि प्रश्न बरोबरच होता. उत्तर म्हणजे आबा. आबा नेव्हीतले, विशाखापट्टणमला आयएनएस सर्कार्स या नौदलाच्या तळावर बॉय, म्हणजे पोरवयातला शिकाऊ नौसैनिक म्हणून भरती झालेले, ७१ ला दुसऱ्या जहाजावर होते. त्यांच्या बरोबरची पोरं खुकरीवर होती. पोरंच म्हणायची, मिसरूड फुटलेलं नव्हतं काहींना. आबांचं म्हणणं एवढंच की कॅप्टनचं नाव सगळा देश घेतो, बाकीच्यांची नावं कुठेतरी मोठ्याने वाचता येतील अशी पाहिजेत.

बजेट ६० हजार धरलंय. वर्गणी काढू. या नोंदी लिहितोय कारण समुद्राजवळ दगडी काम कसं करायचं याची माहिती शोधताना मला फक्त सेल्समन सापडले.

२८ जानेवारी

जागेचा घोळ. आबांना एकदम टोकाला पाहिजे होतं, जिथे सडा संपतो आणि खाली काळे खडक सुरू होतात, लाटा फुटतात त्याच्या बरोबर वर. दिसायला ती जागा नंबर एक. पण ती सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला नियम असलेल्या पट्ट्यात येते. भरतीरेषेपासून ५०० मीटर हा सगळा पट्टा त्या नियमात, आणि आमच्या वस्तीला जो वर्ग लागतो त्यात पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र. कोणी म्हणालं चार चिऱ्यांचं काम आहे, कोण बघतंय. आपण स्मारक बांधणार, त्यावर १९४ माणसांची नावं घालणार आणि नंतर नोटीस येऊन ते पाडायला लागणार, हा विचार कोणालाच झेपला नाही.

म्हणून मागे सरकलो, शाळेच्या वरच्या अंगाला ग्रामपंचायतीची जागा आहे, पट्ट्याच्या बाहेर, तिथून समुद्र दिसतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करून घेतला. हे लवकर केलं ते बरं झालं, निवडणुकीचं वर्ष आहे, आचारसंहिता लागली की असले विषय कोणी हातात घेत नाही.

दिशेचंही आजच ठरवलं. सगळ्यांना वाटत होतं नावं समुद्राकडे तोंड करून. नको. पावसाळ्यात वारा आणि खारा तुषार नैऋत्येकडून येतो, तो थेट अक्षरांवर बसणार. पाट्या पूर्वेकडे तोंड करून लावायच्या, म्हणजे वाचणारा पश्चिमेकडे बघत उभा राहतो, त्याला नावांच्या वरून मागे समुद्र दिसतो आणि खाऱ्या वाऱ्याचा मार भिंतीच्या पाठीवर बसतो. सकाळचं तिरपं ऊन पाटीवर आलं की कोरलेलं उठून दिसतं. संध्याकाळी मात्र सूर्य डोळ्यात जातो, त्याला इलाज नाही.

२५ फेब्रुवारी

यादीचं काम. यादी मिळाली ती इंग्रजीत, सगळी कॅपिटल अक्षरं, हुद्दा, नंबर, नाव. शाळेच्या कॉम्प्युटरवर मुलांनी टाइप केली आणि बेरीज आली १९३. एक माणूस गायब. दोन पानांच्या जोडावर शेवटची ओळ राहून गेलेली. सापडला, पण तो सापडेपर्यंत दोन रविवार गेले, कारण आधी आम्ही नावं नुसती वाचून ताडत होतो आणि वाचताना डोळा पुढे पळतो. मग पद्धत बदलली: एकाने मूळ कागदावरून नंबर आणि नाव एकेक अक्षर करून बोलायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवायचं, तिसऱ्याने कागदावर रेघ मारायची. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही.

असली यादी करणाऱ्यांना एक सांगतो, शीटमध्ये डुप्लिकेट काढायचं बटण असतं त्याला हात लावू नका. सैन्याच्या यादीत सारख्या नावाची दोन माणसं असू शकतात. सर्व्हिस नंबरचा कॉलम शेवटपर्यंत ठेवा, दगडावर घालायचा नसला तरी.

देवनागरीत आणताना परत थांबलो. ही माणसं देशभरची. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण आपल्या सवयीने मराठी उच्चार लावतो, आ की अ, ट की त, काही कळत नाही. त्यामुळे दक्षिणेकडची नावं त्या त्या भाषेच्या माणसाकडून वाचून घेतली, पंजाबी, बंगाली तसंच. रत्नागिरीत सगळ्या राज्यांची माणसं नोकरीला आहेत, फोन केले, लोकांनी आनंदाने सांगितलं. एक बाई म्हणाल्या तुम्ही विचारलंत हेच खूप झालं.

१० मार्च

भांडण. म्हणजे चर्चाच, पण आवाज चढले.

मुद्दा क्रमाचा. एक गट म्हणे वर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, त्यांचा फोटो लेझरने कोरलेला, खाली अधिकारी, मग हुद्द्याप्रमाणे बाकीचे. मुल्लांचं मोठेपण कोणी नाकारत नव्हतं, स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन जहाजावरच थांबलेला माणूस, महावीर चक्र मिळालेला. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, हुद्दा लावायचा तर आमची पोरं परत तळालाच गेली की."

त्यानंतर फार बोलणं झालं नाही.

मी खडकीची वॉर सिमेट्री बघितलेली आहे, पुण्यात. तिथे पहिल्यांदा जाणवतं ते हे की अधिकारी कोण आणि शिपाई कोण ते लांबून कळत नाही, सगळ्या खुणा सारख्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं ते धोरणच आहे, १९१७ पासूनचं. ते उदाहरण दिलं. आणि मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची नावं आहेत, ६ हजारांवर, पण ती भिंतीवर नाहीत, पुस्तकात आहेत. पुस्तक कोणीतरी उघडलं तर नाव दिसणार. आपल्याकडे १९४ च आहेत, भिंतीवर मावतात, तर भिंतीवर घालू.

ठरलं ते असं: सगळी नावं एकाच मापाच्या अक्षरात, अकारादी क्रमाने, हुद्दा नाही. कॅप्टन मुल्ला म मध्ये, जिथे येतील तिथे. फोटो नाही.

याच मीटिंगला देणगीदारांचा विषय निघाला. ५ हजारांच्या वर देणाऱ्याचं नाव दगडावर, अशी सूचना. हिशोब करून दाखवला की तेवढी नावं घातली तर देणगीदारांची पाटी शहिदांच्या पाटीएवढी होईल. आता देणगीदारांची वही शाळेच्या ऑफिसात राहणार. दोन वर्गण्या त्यामुळे आटल्या. आटू देत.

२४ मार्च

मांडणी. १९४ हा फार वाईट आकडा आहे. २ गुणिले ९७, आणि ९७ ही मूळ संख्या, कुठलाही नीट चौकोन होत नाही. शेवटी दोन पाट्या, प्रत्येकीवर ९७, चार रकाने, तीन रकान्यांत २४ आणि एकात २५. ती २५ वी ओळ शेवटच्या रकान्यात खाली लोंबते. एकाने सुचवलं की मोकळ्या जागी फुलं कोरू म्हणजे सारखं दिसेल. नको. एक ओळ खाली आली तर आली.

पाटी ४ फूट बाय ३ फूट, ३० मिमी जाडीचा काळा ग्रॅनाइट, पॉलिश केलेला. अक्षर १८ मिमी. स्क्रीनवर कितीही बघा, कळत नाही, म्हणून खऱ्या मापाचा फ्लेक्स छापून प्लायवर ठोकला आणि जागेवर नेऊन उभा केला. सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट ही, तीनचारशे रुपयांचं काम. आबांना चष्मा लावून चार फुटांवरून वाचता आलं, शाळेतल्या मुलांना आठ फुटांवरून. मात्र जो फॉन्ट आम्हाला छान वाटत होता, जाड-बारीक रेघांचा, त्याच्या बारीक रेघा उन्हात दिसेनात. सगळीकडे सारख्या जाडीचा, ठळक फॉन्ट घेतला. दिसायला जरा रेल्वे स्टेशनच्या पाटीसारखा आहे पण वाचता येतो.

बाहेरच्या राज्यातली घरची माणसं कधी आली तर त्यांना वाचता यावं म्हणून प्रत्येक नावाखाली छोट्या इंग्रजी अक्षरात तेच नाव, ८ मिमीचं, असा प्लॅन होता. फ्लेक्सवर मस्त दिसलं. कोरणाऱ्याकडून तुकड्यावर नमुना करून आणला तर ए, आर, पी यांच्या पोटातली भोकंच गेलेली, सगळे काळे-पांढरे ठिपके. एवढं बारीक सँडब्लास्टमध्ये, म्हणजे दाबाने कण मारून कोरताना, टिकत नाही. मग इंग्रजीच्या दोन वेगळ्या पाट्या. म्हणजे नावांच्या चार, आणि मधे जहाजाची एक, एकूण पाच. ६० हजार विसरा.

२१ एप्रिल

चौथरा आणि भिंत. जांभ्याचे चिरे जवळच मिळतात, त्यामुळे दगडाचा प्रश्न नव्हता. सड्यावर पाया खणायची गरज नाही, वरची माती खरवडली की कातळच लागतो, त्याला खाचे मारून पहिला थर बसवला. गवंडी जुना माणूस, हात चांगला.

घोळ पाण्याने केला. टँकर परवडत नाही म्हणून जवळच्या विहिरीचं पाणी वापरलं, उन्हाळ्यात ती विहीर मचूळ होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण सिमेंटला काय फरक पडतो अशी समजूत. पडतो. पंधरा दिवसांत सांध्यांवर आणि प्लॅस्टरवर पांढरा लोणा फुटला, हाताने पुसला की पीठ येतं, चार दिवसांनी परत. मीठ आत गेलंय, ते पाण्याबरोबर बाहेर येणार, येतच राहणार. आणि या भिंतीत आम्ही पाट्या धरायला स्टीलच्या पिना घालणार होतो, मीठ त्या खाणार.

समोरचं सगळं प्लॅस्टर काढलं, सांधे इंचभर खरवडले, नळाच्या पाण्यात परत भरले. साधारण ७ हजार आणि एप्रिल महिन्याचा मोठा भाग गेला. वाळू मात्र पहिल्यापासून क्रशरची वापरलेली होती, समुद्राची असती तर भिंतच पाडावी लागली असती. जीभ लावून बघा पाण्याला, एवढंच सांगतो, चव लागली तर वापरू नका.

१२ मे

जहाजाचं चित्र. मधल्या पाटीवर खुकरीची नुसती बाह्यरेषा कोरायची आहे. जहाज ३१० फूट, म्हणजे साडेचौऱ्याण्णव मीटर, १:१०० ने बरोबर साडेचौऱ्याण्णव सेंटिमीटर, ४ फुटी पाटीवर दोन्हीकडे समास सोडून बसतं. हा योगायोग फार आवडला मला.

डिझाइन करणाऱ्या मुलाने नेटवरून फोटो घेऊन रेखाटन करून आणलं, सुंदर काम. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "हे आमचं नव्हे." खुकरी नावाची जहाजं दोन आहेत. बुडाली ती ब्लॅकवुड वर्गाची फ्रिगेट, इंग्लंडमध्ये काउजला बांधलेली, १९५८ साली नौदलात आलेली, नंबर एफ १४९. तेच नाव पुढे १९८९ साली एका क्षेपणास्त्र कॉर्व्हेटला दिलं, तिचा नंबर पी ४९, ती २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि नंतर दीवलाच नेली. नेटवर खुकरी शोधलं की दुसरीचेच फोटो जास्त येतात, रंगीत, झकास. पहिलीचे थोडेच, काळे-पांढरे. फरक लक्षात ठेवायचा तर जुन्या जहाजावर क्षेपणास्त्रांच्या पेट्या नाहीत, ४० मिमीच्या बोफर्स तोफा आणि पाणबुडीवर मारा करायच्या लिंबो उखळ्या.

कृपाण आणि कुठार ही त्याच वर्गातली तिची जोडीची जहाजं, कृपाण तर त्या रात्री बरोबरच होतं. तिघांचे जुने फोटो शेजारी ठेवून रेखाटन परत केलं. आबा मागे बसून सांगत होते, फनेल जरा मागे घे, एवढं उंच नाही रे, पुढचा डेक बघ कसा चढतो. चुकीचं जहाज दगडात कोरलं गेलं असतं तर, असं मनात आलं की अजून पोटात गोळा येतो.

त्याच दिवशी कोणीतरी गंजलेल्या रंगाच्या स्टीलमधून जहाज कापून उभं करू म्हणाला, हल्ली शहरात चौकाचौकात असतं तसं. वेदरिंग स्टील. त्या स्टीलवर गंजाचा जो थर बसून थांबतो तो खाऱ्या हवेत थांबतच नाही, आतपर्यंत खात जातो. बाद.

९ जून

पाऊस आला, काम बंद. पण चार महिने फुकट जाऊ नयेत म्हणून भिंतीच्या समुद्राकडच्या बाजूला नमुने लावून ठेवलेत: तीन प्रकारच्या स्टेनलेस पट्ट्या, २०२, ३०४ आणि ३१६, प्रत्येकीला एक भोक आणि एक बोल्ट. शिवाय ग्रॅनाइटचे कोरलेले तुकडे, एकात सोनेरी रंग भरलेला, एकात पांढरा इनॅमल, एक तसाच. दुकानदाराकडे नुसतं "एसएस द्या" म्हटलं की बहुतेक वेळा २०२ हातात येतं. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत, दोन्हीला चिकटत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्याची थेंब टाकून बघायची किट मिळते, ती मागवली. वापरल्यावर कळलं की ३१६ म्हणून घेतलेल्या पिनांमधल्या काही ३१६ नव्हत्या.

२९ सप्टेंबर

नमुने काढले. २०२ ची पट्टी तपकिरी, बोल्ट फिरेना. ३०४ वर चहा सांडल्यासारखे डाग आणि भोकाच्या कडेला बारीक खड्डे. ३१६ वर अगदी फिकट डाग, ओल्या फडक्याने गेले. तिघींच्या किमतीत फरक आहे, पण एकूण स्टीलच इतकं कमी लागतं की वाचवायचं ते इथे वाचवू नका.

रंगाचा निकाल अजून स्पष्ट. सोनेरी पापुद्र्याने सुटला. इनॅमल कडेने उचललेला, आत शेवाळ. न रंगवलेल्या तुकड्यावर अक्षर करडं-पांढरं तसंच. पावसात ओलं झालं की जरा अंधुक होतं, वाळलं की परत उठतं. म्हणजे रंग नाही. सोनेरी अक्षरांचा आग्रह धरणाऱ्यांना तुकडा हातात दिला.

१३ ऑक्टोबर

मोठं कोरीवकाम सुरू, दगडवाल्याच्या शेडमध्ये. पद्धत अशी की दगडावर रबरी स्टेन्सिल चिकटवतात, प्लॉटरने अक्षरं कापतात, कापलेला भाग उचलतात आणि दाबाने वाळूसारखा कण मारतात, उघडा भाग खोदला जातो.

पहिला अडथळा त्याआधीच आला. त्यांच्या कॉम्प्युटरवर जुना नॉन-युनिकोड फॉन्ट, आमची फाइल उघडल्यावर जोडाक्षरं तुटली, रफार दुसऱ्याच अक्षरावर, अर्धा र तर गायबच. परत टाइप करतो म्हणाले. अजिबात नाही, महिनाभर तपासलेली यादी आहे. सगळ्या अक्षरांचे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करून दिले, म्हणजे तो मजकूर राहत नाही, नुसत्या आकृत्या होतात, फॉन्ट असो नसो.

दुसरा अडथळा पोटांचा. व, ब, क, ष यांच्या पोटात स्टेन्सिलचं छोटं बेट राहतं, ते फक्त गोंदावर टिकून असतं. पहिल्या पाटीच्या कोपऱ्यात सुरुवात केली आणि बेटं उडायला लागली, व चा नुसता खड्डा. नशीब की मी समोर उभा होतो आणि तीन नावांवरच थांबवलं. तिथेच दगड उलटा केला, मागची बाजू पॉलिश करून घेतली, नव्याने सुरू. उपाय तीन लागले मिळून: जास्त चिकट स्टेन्सिल, दाब कमी करून हळूहळू, आणि फाइलमध्ये अक्षरांची पोटं थोडी मोठी करणं. अनुस्वाराचं उलट, ठिपका लहान असल्याने आत नीट खोदलाच जात नाही, तो मुद्दाम मोठा केला.

दर अक्षरावर सांगितला होता त्यांनी. मग जोडाक्षर एक की दोन, वेलांटी धरायची का, यावर तासभर. शेवटी पाटीचा ठोक भाव केला. तुम्ही सुरुवातच तिथून करा.

आणि कण कसला मारतात ते विचारा. साधी सिलिका वाळू असेल तर तिची धूळ कारागिराच्या फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, त्याला औषध नाही. आम्ही त्याऐवजी गार्नेट या खनिजाचा कण मागितला, त्याचे वेगळे पैसे दिले. मास्क मात्र त्या मुलाने आमच्यासमोर लावला आणि आम्ही गेल्यावर काढला असणार.

१० नोव्हेंबर

पाट्या बसवल्या. एकेक ९० ते १०० किलो. रस्ता शाळेपर्यंतच, वर चढ, क्रेन येत नाही. लाकडी तिकाटणं, चेन पुली आणि गावातली दहा-बारा माणसं. होडी वर ओढायची सवय असलेली माणसं आहेत, वजनाला घाबरत नाहीत, पण ग्रॅनाइटच्या कोपऱ्याला जपायला लागतं हे त्यांना पटेना. एका पाटीचा खालचा कोपरा पैशाएवढा उडालाच. तसाच ठेवलाय, खाली आहे.

गवंड्याचं म्हणणं होतं मागे सिमेंट थापून चिकटवून टाकू. ते केलं नाही, आणि याचं कारण एप्रिलमधला लोणा. जांभा पाणी पितो, ते पाणी पाटीच्या मागे अडकलं की कडेने डाग आणि मीठ बाहेर येतं. म्हणून पाटी आणि भिंत यात २० मिमी पोकळी, पाटी खालच्या कट्ट्यावर टेकलेली, वर आणि बाजूला ३१६ चे क्लॅम्प, सिमेंटशिवाय भिंतीवर दगड लावायला (ड्राय क्लॅडिंग) वापरतात ते, आणि खाली पाणी निघायला भोकं. गवंडी दोन दिवस नाराज होता. भोकांत कुंभारमाशी घरं करते असं त्यानेच सांगितलं, म्हणून जाळी लावली. तीही ३१६ ची.

१ डिसेंबर

स्टेन्सिल कापल्यावर, कण मारायच्या आधी, सगळी नावं दगडावर परत वाचली होती. तरीही आज आबांच्या नातीला एका नावात अनुस्वार नसलेला सापडला. फाइलमध्ये आहे, फ्लेक्सवर आहे, दगडावर नाही. त्या ठिपक्याचा रबर उचलायचा राहून गेला असणार. कमी असलेलं घालता येतं, हे नशीब. पाथरवट आला, छोटी छिन्नी आणि दहा मिनिटं. जवळून बघितलं तर तो ठिपका बाकीच्यांपेक्षा जरा खोल आहे. जास्तीचं कोरलं गेलं असतं तर अख्खी पाटी घासून परत करावी लागली असती.

९ डिसेंबर

झालं. भाषणं दोनच ठेवली होती, तीन झाली. वाऱ्याने माइकमधून नुसता घरघराट, तो बंद करून मुलांनी तोंडी वाचली नावं, आळीपाळीने, पाच-पाच. सगळी वाचायला साधारण पाव तास लागतो, कार्यक्रम आखताना तेवढा धरा, कोणालाही मधे थांबवू नका. म आला, कॅप्टनचं नाव आलं, पुढचं आलं. आबा खुर्चीवर बसले नाहीत.

२६ ऑक्टोबर २०२५

एक पूर्ण पावसाळा गेल्यावरची पाहणी, कारण खरा निकाल हाच.

अक्षरं स्वच्छ, एकही पोट फुटलेलं नाही. क्लॅम्प ठीक, दोन ठिकाणी फिकट डाग, पुसले. भिंतीची समुद्राकडची बाजू काळी-हिरवी झालीये, जांभा होतोच तसा, त्याला काही करायचं नाही. एका उत्साही माणसाने ॲसिडने धुऊ म्हणून बाटली आणली होती. ॲसिड नाही. दगडाला डाग पडतात आणि स्टील खातं. गोडं पाणी, मऊ ब्रश, पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात दर महिन्याला मीठ धुवायला एकदा. शाळेच्या आठवीकडे ते काम दिलंय.

पाणी निघायच्या भोकांपैकी डावीकडची दोन तुंबली होती, पालापाचोळा. तिथेच पाटीच्या खालच्या कडेला पांढरी रेघ दिसतेय, म्हणजे मागे पाणी साचलं होतं. भोकं साफ केली, मोठी करायची आहेत. गवंड्याने मागे थापलं असतं तर हे चारी बाजूंनी दिसलं असतं.

खर्च, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी, गोळाबेरीज: ग्रॅनाइट १६,८००, वाहतूक ६,०००, स्टेन्सिल आणि कोरीवकाम ४१,०००, चिरे-सिमेंट-वाळू १९,५००, मजुरी २७,०००, ३१६ चे क्लॅम्प, पिना, जाळी ९,२००, फ्लेक्स, नमुने, किट वगैरे ४,३००, मचूळ पाण्याचा दंड ७,०००. एकूण १,३०,८००. वर्गणीत ११ हजार कमी पडले ते अजून भरून निघायचेत.

राहिलेलं काम: भोकं, आणि उजव्या इंग्रजी पाटीचा वरचा एक क्लॅम्प बदलायचाय, किटचा थेंब टाकला तर तो ३०४ निघाला.